तुलनात्मक तक्ता

८ फेब्रुवारी

ही डायरी ऑफिसातून दर वर्षी मिळते आणि दर वर्षी लेक तिच्यात चित्रं काढते. यंदा मी ठेवून घेतली. थेरपिस्ट बाई म्हणाल्या, तारखा लिहून ठेवा, पुढे उपयोग होतो. कसला उपयोग, ते मी विचारलं नाही.

निदानाला आज अकरा दिवस झाले. आजाराचं लांबलचक नाव रिपोर्टात आहे, तिथेच राहू दे. अर्थ एवढाच की स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून काम सोडतात. नवऱ्याचा उजवा हात आधी गेला, म्हणजे जायला लागला. गाडीच्या किल्ल्या हातातून पडायच्या आणि आम्ही हसायचो. आता जीभ जड होते आहे. डॉक्टर म्हणाले, हात जातील, बोलणं जाईल, क्रम सांगता येत नाही. डोळे मात्र शेवटपर्यंत राहतात.

थेरपिस्ट बाईंनी पत्रक दिलं. लॅपटॉपच्या पडद्याखाली एक पट्टी बसवतात, ती डोळे कुठे बघताहेत ते टिपते. अक्षराकडे बघितलं की अक्षर उमटतं, वाक्य पुरं झालं की यंत्र ते बोलून दाखवतं. आणि आधीच तीनशे वाक्यं वाचून साठवून ठेवली, तर ते त्याच्याच आवाजात बोलतं. त्याच्याच! पत्रकाच्या मागच्या बाजूला यंत्राच्या तांत्रिक गरजा दिल्या आहेत: प्रोसेसर, मेमरी, वजन, बॅटरी. ती यादी दिसली आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला. हे मला येतं. बावीस वर्षं कारखान्याच्या खरेदी विभागात आहे. बेअरिंग असो की बॉयलर, तीन कोटेशनं, एक तुलनात्मक तक्ता, मग सही.

परत येताना लेकीने गाडी चालवली. तो शेजारी बसून पत्रक वाचत होता, दोन्ही बाजू, सावकाश. मग घडी घालून मागे माझ्याकडे दिलं आणि म्हणाला, "घ्या खरेदीसाहेब. टेंडर काढा."

लेकीने गिअर चुकवला. अर्ध्या शहराला गाडी शिकवलेला माणूस, आणि गिअर चुकला तरी गप्प.

१२ फेब्रुवारी

आकार ठरला. पुठ्ठ्याचे तीन पडदे कापले, तेरा, चौदा आणि सोळा इंचाचे. एकेक त्याच्यासमोर ट्रेमध्ये उभा केला आणि पट्टीने डोळ्यांपासूनचं अंतर मोजलं. तेरा इंचांवर अक्षरांच्या चौकटी फार बारीक होतात. सोळाचा जड, खुर्चीच्या हाताला बसवला तर खुर्ची एका बाजूला कलेल. (कुठली खुर्ची, ते तिघांपैकी कोणी विचारलं नाही.) चौदा योग्य.

लेक म्हणाली, "बाबा, टाइप करून दाखवा." तो पुठ्ठ्याकडे डोळे फाडफाडून बघत बसला.

"काय लिहिलं?"

"आईला सांग, भाजीत मीठ नाही."

खरंच नव्हतं.

१९ फेब्रुवारी

दुकानात गेलो. दुकानदार तरतरीत, पण भलताच बोलका. "काम काय असतं मॅडम? ऑफिस, गेम, व्हिडिओ?"

"बोलायचं असतं," मी म्हटलं.

"मीटिंगा. मग काय, कुठलाही चालेल."

मी पत्रकाची मागची बाजू दाखवली तसा गंभीर झाला. त्याच्या म्हणण्याचं सार असं. एक प्रोसेसर वीज कमी खाणारा: तापत नाही, पंखाच नाही, बॅटरी दिवसभर. पण डोळे टिपणारा प्रोग्राम त्याच्यावर धड चालेल की नाही, खात्री नाही. दुसरा दणकट, सगळं चालेल. पण तापतो, पंखा घोंघावतो, बॅटरी चार तासांत झोपते. आणि तिसरा, जो अजून आलेला नाही. त्यात आवाज बनवण्यासारख्या कामांसाठी वेगळा भाग आहे म्हणे, त्यामुळे वेगही आणि थंडपणाही. "दीड महिन्यात येतोय. पण येतोय म्हणजे, येतोय."

नवऱ्याने मध्येच विचारलं, पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो का? नेमका प्रश्न. दुकानदार क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिला आणि उत्तर मला दिलं. काही लोकांना समोरच्याकडे बघून बोलायची सवयच नसते.

२६ फेब्रुवारी

तक्ता तयार. दुकानदाराने सांगितलेल्या क्रमाने अ, ब, क असे तीन उभे रकाने, आडव्या सतरा ओळी. वजन. पडद्याची चमक, कारण चमकणाऱ्या काचेवर पट्टीला डोळे सापडत नाहीत. मांडीवर ठेवल्यास तापमान. बॅटरी, जाहिरातीतली आणि वापरणाऱ्यांनी सांगितलेली. इंटरनेट नसताना आवाज चालेल का. ही ओळ मी ठळक केली. नेट गेलं म्हणून माणूस मुका, असं होता कामा नये.

लेकीने तक्ता बघितला. "आई, सुंदर आहे. आता एक उचल आणि घेऊन ये."

"डोळे झाकून?"

"उघडे ठेवून. पण घेऊन ये."

एकोणिसाव्या वर्षी सगळं उचलून आणण्यासारखंच वाटतं.

तो ड्रायव्हिंग स्कूलला अजून जातो. शेजारी दुसरे सर बसतात, ब्रेकवर पाय त्यांचा. हा मागच्या सीटवरून सांगतो. "घाई नाही. आरसा बघ, मग वळ." वीस वर्षं तेच वाक्य. आज म्हणे शिकणाऱ्या बाई दोनदा मागे वळून "काय सर?" म्हणाल्या. रस्त्यावर गोंगाट फार झाला आहे हल्ली.

५ मार्च

थेरपिस्ट बाईंचा फोन, नेमका माल उतरवायच्या वेळी. "रेकॉर्डिंग सुरू केलंत का?"

"अजून मशीन ठरायचंय हो."

"मशीनचं बघा सावकाश, पण वाक्यं तर..."

तेवढ्यात स्टोअरकीपर चलन घेऊन समोर उभा राहिला. मी नंतर करते म्हटलं. बाई मनाने चांगल्या आहेत, पण घाईच्या. यंत्र येतं, बसवलं जातं, मग चाचणी होते. चाचणी आधी आणि यंत्र मागून, असं आमच्याकडे कधी झालेलं नाही.

संध्याकाळी परत फोन करायचा राहिला.

१४ मार्च

हल्ली तो तारेसारखं बोलतो. "चहा." "नको." "दिवा." पूर्वी चहा मागायचा तरी त्यात एक गोष्ट असायची, कोणी फाटकावर गाडी घातली, कोणी आरशात बघून केसच विंचरले. मी म्हटलं, "रुसलास का माझ्यावर?" त्याने मान हलवली आणि हसला. हसायला मात्र पूर्वीपेक्षा जास्त लागला आहे, उगीचच, आणि मग थांबता येत नाही. डॉक्टरांना विचारायचं.

रात्रीच्या जेवणात दोनदा ठसका लागला. आमटी पातळ झाली होती.

ब बाद केला. वापरणाऱ्यांपैकी एकाने लिहिलंय, पंखा इतका घोंघावतो की फोनवरचा माणूस विचारतो, विमानात आहात का. ही बाब माइकसाठी गंभीर.

२० मार्च

निर्णय: क साठी थांबायचं.

कारण लिहून ठेवते, म्हणजे उद्या शंका यायला नको. आठ वर्षांपूर्वी मी एक कॉम्प्रेसर घेतला आणि महिन्याभरात त्याचं नवं मॉडेल आलं. ते दीडपट चालायचं. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर तक्ता मागवला आणि विचारलं, "महिनाभर थांबता आलं नसतं का?" त्या दिवशी ठरवलं होतं, पुन्हा नाही. हे यंत्र त्याचा आवाज होणार आहे. आवाज दोनदा विकत घेता येत नाही.

जेवताना सांगितलं. लेक म्हणाली, "आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत काय? तीन-चार आठवडे."

"आई, तू ऐकतेस का बाबांचं बोलणं? खरंच ऐकतेस?"

"मी सोडून कोण ऐकतं त्याचं घरात?"

ती त्याच्याकडे वळली. "बाबा, तुम्ही तरी सांगा हिला."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "घाई... नाही." मला अगदी स्पष्ट कळलं. लेक ताट घेऊन उठली.

२ एप्रिल

आज तो स्कूलमधून दुपारीच परत आला, दुसऱ्या सरांनी सोडलं. ते दारातच उभे राहिले, आत यायला तयार नाहीत. मग बोलले. नवीन शिकणारे एक निवृत्त गृहस्थ होते. चौकात उजवीकडून टेम्पो आला. सरांचं लक्ष डावीकडे होतं, याने मागून बघितलं आणि "थांब" म्हणाला. गृहस्थ थांबले नाहीत. त्यांना वाटलं, मागे बसलेले सर खोकले. गाडी दुभाजकावर चढली. लागलं कोणालाच नाही.

"वहिनी, दोन अक्षरं होती हो," सर म्हणाले आणि चपला न काढता परत गेले.

मी त्याला म्हटलं, नवखा माणूस, घाबरला असेल. त्याने स्कूलच्या किल्ल्या डाव्या हाताने टेबलावर ठेवल्या. ठेवल्या, पडल्या नाहीत. एवढं नीट ठेवताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

क चं आगमन अठरा तारखेला.

२१ एप्रिल

आला नाही. दुकानदार म्हणतो, पुढच्या महिन्यात, नक्की. अ घेऊन टाकावा का, असा विचार दिवसभर. पण आता इतके दिवस थांबून अ घेतला, तर थांबले कशाला? तक्त्यात "उपलब्धता" ही अठरावी ओळ घातली.

थेरपिस्ट बाईंचे दोन मिस्ड कॉल. यंत्र आलं की मीच करीन. रिकाम्या हाताने काय बोलायचं?

तो खिडकीत बसून समोरच्या रस्त्यावरच्या गाड्या बघतो. कोणी इंडिकेटर न देता वळलं की जिभेने टक्‌ करतो. टक्‌ अजून अगदी पूर्वीसारखा येतो.

६ मे

आला! राखाडी, चौदा इंच, दीड किलोला थोडा कमी. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला, जाहिरातीत खोटं नाही. दोन तास चालवून खाली हात लावला, कोमट, झोपलेल्या मांजराइतका. आवाज तर नाहीच. पट्टी बसवली, पडद्याला चमक नाही, पट्टीला त्याचे डोळे पहिल्या फटक्यात सापडले. बरोबर निवडलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, मी काहीतरी बरोबर केलं.

त्याने डोळ्यांनी पहिला शब्द लिहिला. भाजीत मीठ आहे का, असं काहीतरी लिहील वाटलं होतं. लिहिलं: "साहेब".

उद्या रेकॉर्डिंग.

७ मे

सकाळी दहाला बसलो. दारं-खिडक्या बंद. लेकीने कॉलेज बुडवलं. पडद्यावर पहिलं वाक्य आलं: "आज हवा छान आहे." तो बोलला. पडद्यावर लाल चौकट. "आवाज स्पष्ट नाही. कृपया पुन्हा वाचा."

मी माइक जवळ सरकवला. पुन्हा. लाल. लेकीने पाणी दिलं, त्याने ओठ पुसले, पाठ ताठ केली, जशी परीक्षा घेणाऱ्या साहेबांसमोर करायचा. "आज हवा छान आहे." लाल. सातव्यांदा हिरवं झालं, आणि मला वाटतं, यंत्राने कंटाळून सोडलं असावं. दुसरं वाक्य: "तुम्ही कुठे राहता?" त्याला "ठ" जमेना. तो पुन्हा म्हणायचा, चौकट पुन्हा लाल. मी म्हणत होते, "थोडं हळू. आता थोडं जोरात." माइकमध्ये माझंच बोलणं जास्त गेलं असेल.

बारा वाजेपर्यंत नऊ वाक्यं झाली. दहाव्याला तो हसायला लागला, ते न थांबणारं हसणं, आणि मग ते हसणं नव्हतं.

लेकीने लॅपटॉप बंद केला. मला म्हणाली, "ऐकलंस आता?"

मी ऐकलं. मला प्रत्येक शब्द कळत होता. हाच घोळ झाला. मला रोज सगळं कळत होतं, म्हणून मला वाटत होतं की तो बोलतोय.

९ मे

एकटीच दवाखान्यात गेले. थेरपिस्ट बाईंनी विचारलं, "आधीचं काही असेलच ना? फेब्रुवारी-मार्चमधलं? फोनवर केलेलं?"

"फोनवर कसं होईल? यंत्र तर आत्ता आलं."

त्यांनी खणातून पत्रक काढून माझ्यासमोर ठेवलं, पुढची बाजू वर करून. त्यात चौकटीत छापलं आहे: वाक्यांचं रेकॉर्डिंग आजच सुरू करा. कोणताही साधा मोबाइल चालेल. यंत्र नंतर घेतलं तरी चालतं.

माझ्या फाईलमध्ये तेच पत्रक आहे. मागची बाजू वर. सगळ्या मापांखाली माझ्या लाल पेनच्या रेघा आहेत.

"मी फोन केले होते," बाई म्हणाल्या. रागाने नाही. रागाने म्हणाल्या असत्या, तर बरं झालं असतं.

घरी येऊन जुन्या फोनमध्ये शोधलं. त्याचे व्हिडिओ आहेत, पण त्यात तो कॅमेरा धरणारा. एकात लेकीच्या वाढदिवसाला मागून म्हणतो, "अगं फुंकर मार, थुंकू नकोस." एकात नुसतं "झालं." सगळे मिळून पावणेदोन मिनिटं. बाईंना पाठवलं. त्या म्हणाल्या, एवढ्यावर होत नाही, आणि त्यातही गाणी वाजताहेत.

कोणीतरी मला सगळ्यांसमोर बोलावून विचारावं, महिनाभर थांबायची काय गरज होती? कोणी विचारत नाही.

३ जून

त्याने हट्टाने रेकॉर्डिंग चालू ठेवलं. रोज सकाळी पाच-सहा वाक्यं. मी नको म्हटलं, तर डोळ्यांनी लिहिलं, "क्लासला आलोय. फी भरली आहे." एकशे चाळीस झाली. बाईंनी यंत्राची कडक तपासणी काढून टाकायची युक्ती सांगितली, म्हणजे लाल चौकट येत नाही. काल शेवटच्या वाक्याला नुसता श्वास आला; बाई म्हणाल्या, तीनशे राहू देत, आहेत तेवढ्यावरच आवाज बनवून बघा.

प्रोग्रामने आवाज बनवायला चाळीस मिनिटं घेतली. अ वर तीन तास लागले असते. तक्त्यात लिहिलं होतं तसंच.

मग लेकीने वाक्य लिहिलं आणि बटण दाबलं.

तो त्याचाच आवाज आहे. त्यात शंका नाही. पण यंत्राने तो जसा दिला तसा घेतला, जड, ओला, शब्दांच्या कडा विरघळलेल्या. फेब्रुवारीत जे बोलणं होतं ते त्याला कुठून कळणार? त्याने आजारच शिकून घेतला, आणि फार चांगला शिकला. एवढा नवा, एवढा वेगवान प्रोसेसर. एक अडखळणं चुकवलं नाही.

लेक बाहेर गेली. तो पडद्याकडे बघत होता. ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर काय होतं, हे मी सांगू शकत नाही. चेहऱ्याचे स्नायूही आता कमी हलतात.

१० जून

प्रोग्राममध्ये तयार आवाजही आहेत. त्यातला एक पुरुषाचा, स्वच्छ, बातम्या वाचल्यासारखा. सवयीने कागद घेतला, दोन रकाने आखले. अ: तयार आवाज. ब: त्याचा. स्पष्टता. वेग. परक्या माणसाला कळेल का. फोनवर चालेल का. सगळ्या ओळींत अ पुढे. शेवटची ओळ काय लिहावी, ते सुचेना, म्हणून रिकामी ठेवली.

कागद त्याच्यासमोर धरला. "तू निवड."

त्याने अ लावून लिहिलं, "बाहेरच्यांसाठी हा." स्वच्छ आवाजात यंत्र बोललं. मग एक पान मागे गेला, ब निवडला आणि थांबला. नुसता तो पर्याय निवडून माझ्याकडे बघत राहिला.

४ जुलै

आता चाकांची खुर्ची आली आहे. ट्रे तिच्या हाताला बसतो, कलत नाही. बाकी काही लिहिण्यासारखं नसतं, म्हणून दिवस सुटतात.

पण आजचं लिहिते.

दुपारी त्याचे ओठ ओले करत होते आणि एकदम विचारलं. गेले दोन महिने तोंडाशी आलेला प्रश्न. "पत्रक तू पहिल्याच दिवशी वाचलं होतंस. गाडीत. दोन्ही बाजू."

डोळे मिटून उघडले. म्हणजे हो.

"फोन तुझ्या खिशात होता. तेव्हा तू बोलत होतास. मला सांगायचं होतंस ना रे. एकदा सांगायचं होतंस."

तो पडद्याकडे वळला. मी बाजूला बसून राहिले. अक्षर शोधायचं, थांबायचं, पुढचं अक्षर. मध्ये एकदा पट्टीतून डोळे सुटले, कारण ते भरले होते. मी पुसले. पुन्हा सुरू केलं. लेक कॉलेजातून आली, आमच्याकडे बघून दारातच थांबली.

मग यंत्र बोललं, ब मध्ये. त्या जड, ओल्या आवाजात. मला कळलं नाही. मला, जिला सगळं कळायचं. पडद्यावर लिहिलेलं होतं, पण मला वाचायचं नव्हतं, ऐकायचं होतं.

"पुन्हा म्हण."

पूर्वी पुन्हा सांगावं लागलं की तो वैतागायचा. यंत्र वैतागलं नाही. त्याच ठिकाणी अडखळून तेच वाक्य पुन्हा बोललं. तरी मला कळेना. तिसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही.

दारातून लेक म्हणाली, अगदी हळू, वाचून दाखवल्यासारखं:

"बाबा म्हणताहेत, जोपर्यंत तू निवडत होतीस, तोपर्यंत मी आजारी नव्हतो."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने जिभेने टक्‌ केलं, किंवा करायचा प्रयत्न केला. नुसती हवा आली.